बडोद्यात डीएमडी असलेल्या मुलांच्या घरांचा मेळावा भरवायचा आहे? मग हे आधी वाचा

आमच्या मुलाचं निदान झालं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा जिना तो कठड्याला दोन्ही हातांनी धरून चढायचा. जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत स्वतःला वर ढकलायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो, हे आजही लागून राहिलंय. मग सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी रक्ताची तपासणी केली, आकडा हजारांत आला. त्यानंतर जनुकीय तपासणी झाली आणि कागदावर नाव आलं: डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होणारा आजार. स्नायू टिकवून धरणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन शरीरात तयारच होत नाही, आणि स्नायूंची ताकद वर्षागणिक कमी होत जाते.

ज्या घरात हे आधी घडलंय अशा घरातली एक तरी बाई भेटावी, असं त्या संध्याकाळी फार वाटलं. ती भेटायला चौदा महिने लागले. पुढे आम्ही दोघींनी मिळून बडोद्यात अशा घरांना एकत्र बसवायला सुरुवात केली. आतापर्यंत चार मेळावे झाले. त्यात काय चुकलं आणि काय जमलं ते इथे क्रमाने लिहिते. तुमच्या मुलाचा आजार दुसरा असला तरी यातलं बरंचसं तुम्हाला उपयोगी पडेल.

१. आधी पाच घरं शोधा

पन्नास घरं जमल्याशिवाय मेळावा कसला, असं वाटून लोक वर्षानुवर्षं थांबतात. पाच घरं पुरतात. आमच्या पहिल्या मेळाव्याला सात होती.

डॉक्टर तुम्हाला दुसऱ्या पेशंटचा नंबर देणार नाहीत, आणि देऊही नये. म्हणून उलट करा. आपला नंबर आणि चार ओळी लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यांच्याकडे ठेवा. मराठी, गुजराती आणि हिंदी, तिन्ही भाषांत लिहा. ज्याला फोन करावासा वाटेल तो करेल. बालमेंदूविकार तज्ज्ञांपेक्षाही फिजिओथेरपिस्ट जास्त घरं जोडून देतात, कारण डॉक्टरांकडे आपण सहा महिन्यांनी जातो आणि फिजिओकडे दर आठवड्याला. जनुकीय समुपदेशन करणाऱ्यांकडेही चिठ्ठ्या ठेवा. आणि सयाजी हॉस्पिटलात दिव्यांग दाखल्याच्या दिवशी जी रांग लागते, तिथल्या बाकावर नुसतं बसा. मला पहिली दोन घरं तिथेच मिळाली. एक पादऱ्याचं, एक डभोईचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका: दुसरे स्नायूंचे आजार असलेली मुलं आली तर? आम्ही सगळ्यांना येऊ देतो, पण औषधांची चर्चा आजाराप्रमाणे वेगळी ठेवतो. पहिल्या वेळी ती एकत्र ठेवली. एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी) असलेल्या मुलीच्या आईने सगळ्यांचं ऐकून घरी जाताना विचारलं, "ताई, मग आम्ही पण स्टेरॉइड सुरू करायचं का?" डीएमडीत स्टेरॉइडचा उपयोग होतो. एसएमए हा निराळ्याच कारणाने होणारा आजार आहे आणि त्याची औषधं निराळी. तिने विचारलं म्हणून कळलं. विचारलं नसतं तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

२. दिवस ठरवताना पंचांग आणि हवामान दोन्ही बघा

७ सप्टेंबर हा जगभर डुशेन दिवस म्हणून पाळतात. डिस्ट्रोफिनच्या जनुकात ७९ एक्सॉन, म्हणजे जनुकाचे तुकडे असतात, म्हणून सातवी तारीख आणि नववा महिना. आम्हीही मोठ्या हौसेने २०२४ ची ७ सप्टेंबर धरली. कॅलेंडर उघडून बघितलंच नाही. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती! बडोद्यातल्या मराठी घरांना त्या दिवशी कुठे बोलावणार? त्यातच ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला, कितीतरी घरांत पाणी शिरलं, आणि आमच्या यादीतल्या एका घराने मुलाची व्हीलचेअर तेवढी माळ्यावर चढवून वाचवली. मेळावा डिसेंबरात झाला.

आता आम्ही नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध यातला रविवार धरतो. उत्तरायणाचे दोन दिवस टाळतो, परीक्षांचे दिवस टाळतो, नवरात्रात तर बडोद्यात काही ठेवायचंच नाही. मे महिन्याच्या उन्हात ही मुलं गळून जातात.

वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. नऊची वेळ कधीच ठेवू नका. मोठ्या मुलाला उठवून, स्नायू ताणायचे व्यायाम करून, आंघोळ घालून, कपडे चढवून घराबाहेर काढायला दीड तास लागतो, आणि थंडीत हातपाय आणखी आखडलेले असतात. आणंद किंवा भरूचहून येणाऱ्या आईला नऊला पोचायचं तर पहाटे चारला उठावं लागेल.

३. जागा बघायला मोजपट्टी घेऊन जा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. भाषणं फसली तरी मेळावा फसत नाही, पण संडासाचं दार अरुंद निघालं तर फसतो.

आम्ही एका ज्ञातीची वाडी, म्हणजे समाजाचा हॉल ठरवला होता. फोनवर विचारलं, रॅम्प आहे का? गुजरातीत उत्तर आलं, "छे ने, बेन", म्हणजे "आहे ना, ताई." आम्ही समाधानाने फोन ठेवला. प्रत्यक्षात तो रॅम्प केटररच्या हातगाड्या चढवायला केलेला होता. इतका उभा, की व्हीलचेअर ढकलली तर मागे कलंडावी. शेवटी चार बापे माणसांनी चौदा वर्षांच्या एका मुलाला खुर्चीसकट उचललं. वर पोचेपर्यंत त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून धरले होते. खाली ठेवल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो आईला हळूच म्हणाला, "परत जाताना पण असंच?" त्या टाळ्या मी विसरू शकत नाही. तेव्हापासून फोनवरच्या "आहे" वर विश्वास ठेवत नाही. स्वतः जाऊन मोजते.

हे मोजा:

रॅम्पचा उतार. एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी हवी. सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या असतील तर बारा फुटी रॅम्प, म्हणजे बऱ्यापैकी मोठी खोली आडवी टाकल्यासारखा. "दोन तर पायऱ्या आहेत" असं कोणी म्हणालं की हा हिशेब त्यांना सांगा.

दारं. मुख्य दाराबरोबर संडासाचंही. तीन फूट हवीत. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हॉलचं दार सहा फुटी आणि संडासाचं सव्वादोन फुटी असतं.

संडास. कमोड हवाच. आत व्हीलचेअर वळेल आणि सोबत एक माणूस उभा राहील एवढी जागा हवी. मिळत नसेल तर हॉलला लागून असलेली एखादी खोली मागून घ्या, आतून कडी लागणारी, आणि तिथे युरिन पॉट, पाण्याची बादली, हात पुसायला कागद ठेवा. का, ते सांगते. मोठी मुलं बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण परक्या ठिकाणी लघवीला नेताना चार लोकांसमोर तमाशा होतो हे त्यांना माहीत असतं. आमंत्रणात "वेगळी खोली आहे" एवढं लिहिलं, तर मुलं पाणी पिऊन येतात.

फरशी. चकचकीत टाइल्सवर चालती मुलं घसरतात. जाजम-सतरंज्या अंथरू नका, त्यांच्या कडांत पाय अडकतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं एक पडणंसुद्धा महागात जातं, कारण स्टेरॉइडने हाडं ठिसूळ झालेली असतात, आणि पाय मोडून प्लास्टरमध्ये राहिला तर काही मुलं पुन्हा चालतच नाहीत.

लिफ्ट आहे म्हणून पहिला मजला घेऊ नका. तळमजलाच घ्या. रविवारी बंद असलेल्या शाळेचा तळमजल्यावरचा मोठा वर्ग किंवा फिजिओथेरपी कॉलेजची खोली, या दोन जागा मला वाडीपेक्षा शंभर पटीने बऱ्या वाटतात. इलेक्ट्रिक व्हीलचेअर चार्ज करायला प्लग कुठे आहे, तेही बघून ठेवा.

४. निरोप असा लिहा

आम्ही पाठवतो तो निरोप असा असतो:

"रविवारी सकाळी ११ ते ३ आपण डीएमडी असलेल्या मुलांची कुटुंबं एकत्र बसणार आहोत. जागा तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही, संडासाचं दार तीन फुटी आहे, मोठ्या मुलांसाठी वेगळी खोली आहे. रिक्षा दारापर्यंत येते. पैसे लागत नाहीत. कुठलंही औषध किंवा उपचार विकले जाणार नाहीत. फोटो काढले जाणार नाहीत. पहिल्यांदा येत असाल आणि मुलाला आणावंसं वाटत नसेल तर एकटे या. आजी-आजोबांनाही आणा."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. निदान नुकतं झालेलं घर मुलाला घेऊन यायला घाबरतं, आणि ती भीती रास्त आहे.

निरोप गेल्यावर प्रत्येक नव्या घराला फोन करा. फोनवर दोन गोष्टी विचारा. मुलाला आजाराबद्दल काय सांगितलंय? आणि घरातल्या कुणाला अजून माहीत नाही का? उत्तर वहीत नावापुढे लिहून ठेवा. एका घरात मुलाला "पायाच्या शिरा कमजोर आहेत" एवढंच सांगितलेलं होतं. त्याच्यासमोर कोणी भलतं बोललं असतं तर आई-बापांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. याच कारणाने दारावरच्या फलकावर आजाराचं नाव लिहू नका. "कुटुंब मेळावा" पुरे.

५. पहिला अर्धा तास

पहिल्या मेळाव्यात फाटकापाशी एक बाप स्कूटरवरून आला. पुढे पाच वर्षांचा मुलगा उभा. समोरच सतरा वर्षांचा एक मुलगा इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर बसला होता, मान किंचित कलती, हात जॉयस्टिकवर. बापाने त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या मुलाकडे बघितलं. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. स्कूटर वळवली आणि गेला. मी पाण्याच्या बाटल्या मोजत होते. धावत जाईपर्यंत तो रस्त्याच्या टोकाला पोचला होता.

त्या माणसाला मी दोष देत नाही. पुढची बारा वर्षं त्याने एका नजरेत बघितली, आणि तेव्हा त्याच्याजवळ कोणी नव्हतं. चूक आमची होती.

आता प्रत्येक नव्या घरासाठी आम्ही एक सोबती नेमतो. तिने, किंवा त्याने, आधी फोनवर बोललेलं असावं, म्हणजे आवाज ओळखीचा असतो. बडोदेकर मराठी घराला मराठी बोलणारा सोबती, गुजराती घराला गुजराती. मोठी मुलं व्हीलचेअरवर असतील, हे सोबत्याने फोनवरच सांगायचं. फाटकापाशी उभं राहायचं, बाजूच्या बाकावर न्यायचं, चहा द्यायचा. अर्धा तास कुठलंही भाषण नाही, ओळखपरेड तर मुळीच नाही. "आपापलं नाव सांगा आणि आपला अनुभव सांगा" असा माईक फिरवला की नवी आई पहिल्याच वाक्याला रडते आणि पुढच्या वेळी येत नाही.

सोबत्याने काय बोलू नये, हे जास्त महत्त्वाचं. "देव अशी मुलं निवडक आई-बापांच्याच पदरात घालतो" हे वाक्य आमच्याकडे पूर्ण बंद आहे. "सगळं छान होईल" हेही. "निदान कधी झालं? घरी कोण कोण असतं? शाळेत कसा जातो?" असं साधं विचारायचं आणि ऐकायचं.

मोठ्या मुलांना तोडू मात्र नका. नव्या घरांना धक्का बसतो म्हणून व्हीलचेअरवरच्या मुलांना मागच्या खोलीत बसवा, अशी सूचना आम्हाला आली होती. मी तिला साफ नकार दिला. मेळावा त्यांचाही आहे. तो सतरा वर्षांचा मुलगा पुढच्या वेळी नव्या घरांजवळ स्वतःहून गेला. पेपर लिहायला लेखनिक कसा मागायचा आणि तासाला निदान वीस मिनिटं जादा कशी मिळतात, हे त्याने बोर्डाच्या नियमांसकट समजावून दिलं. आई-बाप वही काढून लिहून घेत होते.

६. डॉक्टर एकच, तास एकच

तीन डॉक्टर बोलावले तर सत्कारातच दुपार होते. एकच बोलावा, आणि प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर लिहून घ्या. नाव न घालता. "मुलगा किती वर्षं जगेल" हा प्रश्न चिठ्ठीवर येतो, तोंडी कधीच येत नाही. मुलं दुसऱ्या खोलीत असतानाच तो घ्या.

हे विषय सुटू देऊ नका: स्टेरॉइड मनाने एकदम बंद करायचं नाही, जुलाब-उलट्यांनी गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. हृदयाचा इको निदानापासूनच आणि पुढे दरवर्षी, मुलगा धडधाकट चालत असला तरी. श्वासाची पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी. आणि कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव सांगायचं, कारण भूल देताना वापरलं जाणारं सक्सिनिलकोलिन हे औषध आणि भुलेचे काही वायू या मुलांना जिवावर बेतू शकतात. ही शेवटची गोष्ट एका कार्डावर छापून आम्ही प्रत्येक मुलाच्या दप्तरात ठेवतो.

यानंतर आयांना वेगळं बसू द्या. हा तास कोणी चालवू नका, आपोआप चालतो. सगळ्यात आधी बाहेर पडतं ते दोषाचं ओझं. जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून आई वाहक, म्हणजे बिघडलेलं जनुक पुढे देणारी असू शकते. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची निम्मी. एवढं अर्धवट ऐकून घरं "तुझ्यामुळे झालं" म्हणून मोकळी होतात. पण साधारण एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई वाहक नसतेच. आणि असली तरी जनुक काही तिने निवडून दिलेलं नसतं. हे समुपदेशकाने नवऱ्यांसमोर आणि सासू-सासऱ्यांसमोर सांगावं, नुसतं आयांना सांगून उपयोग नाही. आमच्या सासूबाई दुसऱ्या मेळाव्याला आल्या होत्या. समुपदेशकाचं सगळं ऐकून घेतलं आणि उठून विचारलं, "मग सुनेच्या हृदयाची पण तपासणी करायची का?" करायची असते. वाहक स्त्रियांच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो. आठ दिवसांत त्या स्वतः मला इकोला घेऊन गेल्या.

बहिणींच्या तपासणीची घाई करू नका. मुलगी मोठी झाली की तिला समजावून, तिच्या इच्छेने.

७. कागदांचं टेबल

एका कोपऱ्यात टेबल, दोन खुर्च्या, आणि ज्यांनी हे सगळे हेलपाटे घातलेत असा एक बाप. आमच्या मेळाव्यात सगळ्यात लांब रांग इथेच लागते. येताना हे आणायला सांगा, मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स:

- मुलाचं आणि पालकांचं आधार कार्ड
- पत्त्याचा पुरावा
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो
- जनुकीय तपासणीचा रिपोर्ट, पूर्ण, शेवटच्या पानासकट
- सीपीके, इको, पीएफटीचे कागद
- डॉक्टरांनी लिहिलेला ताजा सारांश
- आधीचा दिव्यांग दाखला असेल तर तो

पहिलं काम यूडीआयडी, म्हणजे स्वावलंबन कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे. कोणी "हा आजार यादीत नाही" म्हणालं तर शांतपणे यादी दाखवा. सापळा दिव्यांगतेच्या टक्क्यांत आहे. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात, आणि छोटा मुलगा चालत असला की टक्के कमी पडू शकतात. दाखला तात्पुरता मिळाला असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते, ती संपायच्या आधी पुन्हा तपासणी करून घ्या.

रेल्वेची सवलत वेगळी. तिच्या दाखल्याचा नमुनाही वेगळा. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या दिव्यांगांना स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सूट आहे, सोबत्यालाही तेवढीच. बडोद्याहून मुंबईला वारंवार जाणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. आणि मुंबईला जावं लागतंच, कारण २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक तिथलं केईएम हॉस्पिटल आहे. या धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि डीएमडीचं नाव तिसऱ्या गटात आहे. पण ही रक्कम घराच्या हातात येत नाही, उपचार केंद्रातूनच होतात, आणि एक्सॉन वगळणारी जी महागडी औषधं निघाली आहेत ती ठरावीक एक्सॉन गळालेल्या मुलांपुरतीच असतात. म्हणून रिपोर्टातला एक्सॉनचा क्रमांक पाठ असू द्या.

निरामय या सरकारी आरोग्य विम्याचे फॉर्म भरून देतो म्हणून पैसे घेणारे भेटतील. ती योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. नुसत्या डीएमडीला ती लागू होत नाही.

८. मुलं आणि त्यांची भावंडं

मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना पहिली सूचना: कुठल्याही मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही. खांदे इतके सैल असतात की मूल हातांतून खाली सरकतं. उचलायचं काम त्याचे आई-बापच करतील. तुम्ही फक्त खुर्चीचा ब्रेक लावा आणि "लावला" म्हणून मोठ्याने सांगा.

संगीतखुर्ची, धावण्याच्या शर्यती, जिना चढायच्या पैजा, काही नाही. कॅरम, बुद्धिबळ, चित्रं, गाण्याच्या भेंड्या. जानेवारीच्या मेळाव्यात एकाने अंगणात पतंग आणला. चालती भावंडं पतंग उडवत होती आणि खुर्चीवरची मुलं फिरकी धरून बसली होती. फिरकी मांडीवर टेकवून धरता येते, मनगटाला ताकद लागत नाही, आणि ढील द्यायची की खेचायचं हे ओरडून सांगायचा हक्क फिरकीवाल्यालाच. कोपऱ्यात एक गादी टाकून ठेवा, थकलेल्याला पडता येईल.

भावंडांसाठी वेगळा अर्धा तास ठेवा. दहा वर्षांच्या एका बहिणीने लिहिलं होतं, "मला ताप आला तरी आई दादाजवळ झोपते." तो कागद वाचल्यापासून मी माझ्या धाकटीबरोबर रविवारची संध्याकाळ मोकळी ठेवते. सुरसागरला जाऊन बसतो, दोघीच.

९. खाणं

स्टेरॉइडने भूक वाढते, वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन कमजोर पायांना झेपत नाही. म्हणून मीठ, साखर, तळण बेताचं. पण मेळाव्यात पथ्याचं जेवण वाढून मुलांचा हिरमोड करू नये, हेही माझं ठाम मत आहे. आम्ही बडोद्याची सेवउसळच करतो: उसळ भरपूर, शेव वरून चिमूटभर, पाव मऊ. ताक, फळं.

वाढण्याकडे जास्त लक्ष द्या. स्टीलचं भरलेलं भांडं मोठ्या मुलाला उचलतच नाही. हलका कागदी पेला, अर्धाच भरलेला, आणि स्ट्रॉ. टेबल कोपराच्या उंचीचं, म्हणजे कोपर टेकवून हात तोंडापर्यंत नेता येतो. चावायला वेळ लागतो, तेव्हा "झालं का रे?" म्हणून कोणी ताट उचलायला येऊ नये.

१०. इथे सांभाळा

स्टेम सेलवाले, म्हणजे मूळ पेशी टोचून मुलगा बरा करतो म्हणणारे. हे मेळाव्याचा वास काढत येतात. एका घराने जमीन गहाण ठेवून इंजेक्शनं घेतली. पैसा गेला, मुलगा होता तिथेच राहिला. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर झालेल्या वैद्यकीय चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी "चाचणी आहे, पण खर्च येईल" म्हणालं की तिथेच ओळखा.

फोटो. देणगीदार जेवणाचा खर्च देतो आणि मुलांबरोबर फोटो मागतो. आम्ही अशी दोन जेवणं परत केली. मग घराघरांतून डबे आले.

व्हॉट्सॲप गटावर औषधाचा डोस लिहायचा नाही. डोस वजनावर ठरतो, आणि दुसऱ्याच्या मुलाचं वजन वेगळं असतं.

११. सामान, एका दृष्टिक्षेपात

मोजपट्टी, एका पायरीपुरती सुताराकडून करून घेतलेली खरखरीत फळी, युरिन पॉट दोन, गादी, उश्या (मानेला आणि पाठीला आधार द्यायला, जास्तच ठेवा), एक्स्टेन्शन बोर्ड, प्रथमोपचार पेटी, हलके पेले आणि स्ट्रॉ, कोऱ्या चिठ्ठ्या, वही.

१२. तिसऱ्या दिवशी फोन करा

दुसऱ्या दिवशी नव्हे. दुसऱ्या दिवशी सगळे थकलेले असतात. तिसऱ्या दिवशी सोबत्याने नव्या घराला फोन करायचा, मेळावा कसा वाटला हे न विचारता: रात्री झोप लागली का, मुलाने काही विचारलं का. मेळाव्यात मोठ्या मुलांना बघून लहान मुलं घरी गेल्यावर प्रश्न विचारतात, आणि आई-बापांना त्या वेळी बोलायला कोणी लागतं. फाटकावरून परत गेलेल्या त्या बापाचा नंबर आमच्याकडे होता. पहिल्या फोनला उचलला नाही. महिन्याने पुन्हा केला. तो फक्त एवढंच म्हणाला, "पुन्हा असेल तेव्हा सांगा." तिसऱ्या मेळाव्याला तो एकटा आला आणि मोजपट्टी धरायला माझ्याबरोबर आदल्या दिवशीही आला.

आणि ज्यांचा मुलगा आता राहिला नाही त्यांचं नाव यादीतून आपणहून काढू नका. त्यांना वाईट वाटेल म्हणून निरोपच पाठवायचा नाही, असं आम्ही एकदा परस्पर ठरवलं होतं. ती आई बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "मुलगा गेला, म्हणून मी पण गेले का गं?" आता मी आधी फोन करते आणि सरळ विचारते: निरोप पाठवू का, की या वेळी नको? कुणी हो म्हणतं, कुणी नको म्हणतं. जे म्हणतील ते वहीत तारखेसकट लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारते.